एफ10 दाबण्याआधी

संगणक : वाचकांचे प्रश्न

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला. पूर्वी प्रिंटर, व्हायरस, रडतखडत चालणारं इंटरनेट असायचं. आता गठ्ठा उघडला की बायोस, बायोस आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्राला जागं करणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम. विंडोज 11 ला लागणाऱ्या टीपीएम (चाव्या सांभाळणारी सुरक्षा-व्यवस्था) आणि सिक्युअर बूट (ओळखीचाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी तपासणी) या गोष्टी तिथेच चालू कराव्या लागतात. सांगलीतल्या माझ्या दुकानातही तेच चित्र आहे. लोक डिलीट किंवा एफ2 दाबून आत शिरतात, व्हिडिओत दाखवलेल्या चार गोष्टी एका दमात बदलतात आणि यंत्र रुसलं की घाबरून ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स’ दाबतात. खरी भानगड तिथून सुरू होते. डीफॉल्ट म्हणजे मदरबोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हाची सेटिंग. तुमचं विंडोज टाकलं गेलं तेव्हा सेटिंग तीच होती, याची खात्री कोण देणार?

म्हणून आधीच सांगून ठेवते. आत गेल्यावर काहीही हलवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. एफ10, म्हणजे सेव्ह करून बाहेर पडण्याची कळ, दाबली की आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर एक चौकट येते, तिच्यात ‘आधी काय होतं, आता काय केलं’ अशी यादी असते. ती न वाचता एंटर मारणारेच जास्त. आपण न केलेला बदल तिथे दिसला, तर एस्केप दाबून सेव्ह न करता बाहेर या.

आता पत्रं.

प्रश्न : आमच्या शाळेला 2019 मध्ये असेंबल केलेला पीसी मिळाला. आठव्या पिढीचा आय3, 8 जीबी रॅम, 240 जीबीची एसएसडी. विंडोज 11 च्या तपासणीत टीपीएम नाही, सिक्युअर बूट नाही असं आलं. व्हिडिओ बघून मी इंटेल पीटीटी चालू केलं आणि सीएसएम बंद केलं. आता विंडोज येतच नाही, दर वेळी बायोसच उघडतं. मुलांचे निकाल त्यातच आहेत. सगळं गेलं का?
(एक शिक्षक, गुहागर तालुका)

उत्तर : सर, काहीही गेलेलं नाही. सीएसएम परत चालू करा, एफ10 दाबा, विंडोज येईल. पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, मात्र चालूच राहू द्या, ते तुम्ही बरोबर केलंत. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएम 2.0 प्रोसेसरच्या जोडीनेच येतं, फक्त बऱ्याच बोर्डांवर ते बंद ठेवलेलं असतं. वेगळी चिप विकत घ्यायची गरज नाही.

आता झालं काय ते बघा. 1980 च्या दशकातल्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली पद्धत अशी : बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा वाचतो, तिथे सापडलेला इवलासा प्रोग्रॅम चालवतो आणि पुढचं सगळं त्याच्यावर सोडून मोकळा होतो. त्याच तुकड्यात 64 बाइट पार्टिशनच्या यादीला असतात, त्यात चारच नोंदी मावतात. याला एमबीआर म्हणतात. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, तो पहिला तुकडा चालवत बसत नाही. ते डिस्कवर फॅट32 चं एक छोटं पार्टिशन शोधतं आणि त्यातली बूट फाइल उचलतं. सीएसएम हा या दोघांमधला दुभाषा. तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. दुभाष्याला घरी पाठवलंत, मग यूईएफआयला तिथे काही ओळखीचं सापडेना, म्हणून ते तुम्हाला परत परत बायोसमध्ये आणून सोडतंय.

2019 चं यंत्र असून असं का, असं तुम्ही विचाराल. त्या काळातल्या बोर्डांवर दोन्ही पद्धती नांदत होत्या. 2020 पर्यंत जुनी पद्धत काढून टाकू, असं इंटेलने 2017 मध्ये जाहीर केलं होतं. पण असेंबल करणाऱ्यांच्या हातात विंडोज 7 च्या काळातली सवय आणि तशीच बनवलेली पेन ड्राइव्ह. यंत्र नवं, पण विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं, असे पीसी मी ढिगाने बघते.

पुढे असं करा. सीएसएम चालू करून विंडोज आलं की पहिल्यांदा निकाल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा, यंत्राला लावून ठेवू नका. मग स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ दिसेल. नंतर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पार्टिशनची पट्टी नीट बघा. इथे आपल्याकडची एक खास सवय आडवी येते. डिस्क केवढीही असो, सी, डी, ई, एफ केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. एमबीआरमध्ये चारच नोंदी, म्हणून विंडोज शेवटच्या नोंदीत एक ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशन करतं आणि उरलेले ड्राइव्ह त्याच्या पोटात घालतं. पट्टीवर हिरवी चौकट दिसली तर समजा तेच आहे.

डिस्क जीपीटी, म्हणजे यूईएफआयला चालणाऱ्या नव्या पद्धतीत नेणारं साधन विंडोज 10 मध्ये 2017 पासून आयतं दिलेलं आहे. नाव एम-बी-आर, मग आकडा 2, मग जी-पी-टी, सगळं सलग. ते डेटा न पुसता काम करतं, पण प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील किंवा एक्स्टेंडेड असेल तर नकार देतं. तुमच्या डिस्कवर हिरवी चौकट असेल तर त्यातल्या ड्राइव्हमधला मजकूर आधी बाहेरच्या डिस्कवर हलवा, ते ड्राइव्ह आणि मग ती रिकामी चौकट डिलीट करा. काम झाल्यावर त्या जागेत परत ड्राइव्ह बनवता येतो. यंत्रात डेटासाठी दुसरी वेगळी हार्ड डिस्क असेल तर तिला हात लावू नका. ती एमबीआर राहिली तरी कुणाचं बिघडत नाही, फक्त विंडोज असलेली डिस्क बदलायची असते.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. साधनाच्या नावापुढे दोन जोड लागतात, दोन्हींच्या आधी तिरकी रेघ : आधी ‘व्हॅलिडेट’, मग ‘अलाऊ-फुल-ओएस’ सलग. हा नुसता तपास आहे, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. तपास यशस्वी झाल्याची ओळ आली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून तीच आज्ञा पुन्हा द्या. शेवटी ते स्वतःच सांगतं की आता फर्मवेअर (म्हणजे बायोस) यूईएफआय मोडवर न्या. ते ऐका. रीस्टार्ट करताना आत जाऊन सीएसएम बंद करा. विंडोज एकदा व्यवस्थित आलेलं बघा, त्यानंतर पुन्हा आत जाऊन सिक्युअर बूट चालू करा. दोन्ही एकाच फेरीत करू नका, म्हणजे अडलं तर कशाने अडलं ते कळेल.

एक सावधगिरी. पीसीत जुन्या बाजारातून आणलेलं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहण्याची शक्यता असते, कारण 2012 च्या आगेमागे निघालेल्या अनेक कार्डांना यूईएफआयची भाषाच येत नाही. मॉनिटरची केबल कार्डातून काढून बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावायची. तरीही अंधार असेल तर कार्ड काढून बघायचं.

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रात फॅट मशीन आणि वजनकाटा संगणकाला जोडलेले आहेत. पहाटे साडेपाचला लोक बरण्या घेऊन दारात. रात्री भारनियमनात संगणक बंद पडतो. तो लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली सचिवांकडे, ते राहतात शेजारच्या गावात. वीज आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा, असं काही करता येईल का? यूपीएस आहे, पण रात्रभर पुरत नाही.
(संगमनेर तालुका)

उत्तर : करता येईल, आणि त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. बायोसमध्ये ‘रिस्टोर एसी पॉवर लॉस’, ‘एसी बॅक’, ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ अशा नावाची सेटिंग असते. कंपनी बदलली की नाव बदलतं, पण ती पॉवर किंवा एपीएमच्या पानावर सापडते. तिला तीन पर्याय असतात : बंदच राहा, चालू हो, किंवा वीज गेली तेव्हा जसा होतास तसा हो. कारखान्यातून बहुतेक वेळा ‘बंदच राहा’ असं येतं. तुम्ही ‘पॉवर ऑन’ करा.

तिसरा पर्याय, म्हणजे ‘लास्ट स्टेट’, लोकांना जास्त शहाणपणाचा वाटतो. तुमच्यासाठी तो नको. यूपीएसची बॅटरी संपत आली की त्याचं सॉफ्टवेअर विंडोज नीट बंद करतं. म्हणजे वीज पूर्ण तुटली तेव्हा संगणक ‘बंद’ होता, आणि लास्ट स्टेट इमानेइतबारे त्याला बंदच ठेवणार. पहाटे तुम्ही कपाटापुढे उभे.

अजून एक फट राहते. सॉफ्टवेअरने संगणक बंद केला आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आतच वीज आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. मग ‘पॉवर ऑन’लाही काही करायचं कारण उरत नाही. यावर उपाय त्याच पानावर असतो, ‘रिझ्यूम बाय अलार्म’ किंवा ‘आरटीसी’ नावाने. रोज 5 वाजून 10 मिनिटांनी चालू हो, असं लावून ठेवा. आधीच चालू असेल तर त्याला काही फरक पडत नाही. मात्र ‘ईआरपी’ नावाची वीज वाचवणारी सेटिंग चालू असेल तर अलार्म वाजत नाही, ती बंद ठेवा.

कुलूपबंद यंत्रासाठी तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुणी सांगत नाही. ‘वेट फॉर एफ1 इफ एरर’ असेल तर ते डिसेबल करा. नाहीतर कीबोर्डची पिन सैल झाली एवढ्या कारणावरून तो ‘एफ1 दाबा’ म्हणत सकाळपर्यंत थांबून राहील, आणि दाबायला कपाटात कोण आहे?

करून झालं की तपासा. विंडोज नीट बंद करा, यूपीएसचं आउटपुट बंद करा, मिनिटभर थांबा म्हणजे एसएमपीएसमधला (वीज पुरवणाऱ्या डब्यातला) उरलासुरला भार जाईल, मग चालू करा. काही स्वस्त यूपीएस वीज आल्यावर स्वतः चालू होतच नाहीत, त्यांचं बटण दाबावंच लागतं. तुमचं तसलं असेल तर बायोसमध्ये काहीही केलं तरी व्यर्थ. आणि विंडोज पासवर्डपाशी थांबत असेल तर संकलनाचं सॉफ्टवेअर आपोआप उघडणार नाही. ते मात्र विंडोजमधलं काम, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगा.

प्रश्न : आमच्या मेडिकल दुकानातला पीसी रोज सकाळी 2018 ची तारीख दाखवतो आणि एफ1 दाबायला लावतो. बिलं मागच्या तारखेची निघतात, बँकेची साइट उघडत नाही. नेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे. गेल्या आठवड्यात तर निळा पडदा येऊन बसला.
(कराड)

उत्तर : नेटवाल्याचं बरोबर आहे. बोर्डावरचा नाणेवजा सेल संपलाय. नंबर सीआर2032, 3 व्होल्टचा, शंभराच्या आत चांगल्या कंपनीचा मिळतो. बँकेची साइट उघडत नाही कारण तिचं प्रमाणपत्र 2018 मध्ये अस्तित्वातच नव्हतं. तुमच्या यंत्राच्या घड्याळाप्रमाणे ते भविष्यातलं आहे, म्हणून ब्राउझर घड्याळाकडे बोट दाखवून नकार देतो.

‘रोज सकाळी’ का, त्याचंही कारण आहे. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर, पीसी बंद असला तरी एसएमपीएसमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं, सेलची गरजच पडत नाही. आपण दुकान बंद करताना भिंतीवरच्या स्विचबोर्डाची सगळी बटणं बंद करून जातो. रात्रभर घड्याळ फक्त सेलवर. जिथे बटण कधीच बंद होत नाही अशा कार्यालयांत संपलेला सेल वर्षभर लपून राहतो.

सेल बदलणं सोपं आहे. वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून ठेवा, केसची बाजू उघडा. सेलच्या कडेला एक पत्र्याची जीभ असते. नखाने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती बाहेर ढकला, सेल टुणकन वर येतो. काढताना खाली खुपसून उचकटू नका, खालची पत्री वाकली की नवा सेलही टेकत नाही. नवा बसवताना अधिकचं चिन्ह आणि छापलेला नंबर वर.

आता निळा पडदा, आणि हा तुमच्या पत्रातला खरा मुद्दा. त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं काहीसं लिहिलेलं असणार. सेल संपल्याचं कळलं की बरेच बोर्ड स्वतःहून डीफॉल्ट सेटिंगवर जातात. म्हणजे कुणी हात न लावताच ‘लोड डीफॉल्ट्स’ झालं. तुमचं विंडोज साटाच्या, म्हणजे डिस्क जोडण्याच्या व्यवस्थेच्या, ‘एएचसीआय’ मोडवर टाकलेलं आणि बोर्डाचं डीफॉल्ट ‘रेड’, असं असलं की डिस्क समोर असून विंडोजला दिसत नाही. सेल बदलल्यावर आत जा, तारीख-वेळ भरा, साटा मोड बघा. ‘रेड’ असेल तर ‘एएचसीआय’ करा, ‘एएचसीआय’ असेल तर उलट करून बघा. विंडोज लगेच येईल. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारून मोकळे होणारे तंत्रज्ञ आहेत. दोन मिनिटांच्या कामासाठी दुकानाचा सगळा हिशेब पुसला गेलेला मी पाहिलाय, तेव्हा फॉरमॅटला हो म्हणण्याआधी ही एक ओळ तपासून घ्या.

आणि सगळं सुरळीत झालं की त्या पानांचे फोटो काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने लिनक्स टाकण्यासाठी लॅपटॉपचं सिक्युअर बूट बंद केलं. आता चालू केल्यावर निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागतोय. आम्ही अशी कुठलीही की कधी ठेवली नव्हती. दुकानदार म्हणतो, सगळं पुसावं लागेल.
(पुणे)

उत्तर : थांबा ताई, पुसायची घाई नको. आधी लॅपटॉप बायोसमध्ये न्या आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. मधे दुसरं काही बदललेलं नसेल तर बऱ्याचदा की न मागता विंडोज उघडतं. कारण असं : डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद आहे आणि चावी टीपीएममध्ये. यंत्र ओळखीच्या स्थितीत चालू झालं तरच टीपीएम चावी सोडतं. सिक्युअर बूट बंद म्हणजे ती स्थिती बदलली. पूर्ववत केली की त्याचा संशय फिटतो. एक गोष्ट चुकूनही करू नका : बायोसमधलं ‘क्लिअर टीपीएम’. ते दाबलंत तर टीपीएममधली चावी कायमची गेली.

तरीही 48 आकडे मागितले तर ते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असतात. लॅपटॉप पहिल्यांदा ज्या खात्याने सुरू केला त्या खात्यात. दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर त्या खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी कीचं पान आहे. निळ्या पडद्यावर कीची ओळख म्हणून काही अक्षरं दिसतात, ती जुळणारी की घ्या. गोम अशी की काही दुकानांत लॅपटॉप ‘सुरू करून’ देताना तिथला मुलगा स्वतःचंच खातं टाकतो. मग की त्याच्याकडे जमा. तुमच्या घरातल्या कुणाच्याही खात्यात सापडली नाही तर बिल घेऊन त्या दुकानात जा आणि हाच प्रश्न विचारा. कॉलेजच्या ईमेलने सुरू केला असेल तर कॉलेजच्या संगणक विभागाकडे. की कुठेच नसेल तर मात्र कुणीही, मीसुद्धा, ती डिस्क उघडू शकत नाही. पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर, होम आवृत्ती असली तरी, मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलं की हे कुलूप आपसूक लागतं. म्हणून बायोसला हात लावण्याआधी की कागदावर लिहून घ्यायची आणि सेटिंग्जमधून हे एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवायचं किंवा बंद करायचं. बाकी मुलीला सांगा, उबंटूसाठी सिक्युअर बूट बंद करावंच लागत नाही. ते चालू ठेवूनही उबंटू बसतं. जुन्या व्हिडिओंमधला हा सल्ला अजून फिरतोय.

प्रश्न : मी अकरावीत आहे. व्हॅलोरंट हा गेम चालू केला की व्हॅन 9003 ही एरर येते, सिक्युअर बूट लाव म्हणते. बायोसमध्ये तर ‘एनेबल्ड’ दिसतंय. विंडोजमध्ये मात्र ‘ऑफ’. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?
(नाशिक)

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. ‘एनेबल्ड’च्या शेजारी बारीक अक्षरांत ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलंय का बघ. सिक्युअर बूटला तपासणीसाठी किल्ल्यांचा संच लागतो. तो बोर्डावर भरलेलाच नसेल तर यंत्र ‘सेटअप मोड’मध्ये राहतं आणि तपासणी होत नाही. त्याच पानावर मोड ‘स्टँडर्ड’वरून ‘कस्टम’ कर, मग ‘रिस्टोर फॅक्टरी कीज’ किंवा ‘इन्स्टॉल डीफॉल्ट कीज’ दाब, मग परत ‘स्टँडर्ड’. सीएसएम बंद असायला हवं. ते चालू असेल तर आधी गुहागरच्या सरांना दिलेलं उत्तर वाच, डिस्क एमबीआर असेल तर तुझीही तीच गत होईल.

एएमडीचा प्रोसेसर असेल आणि चालू होताना ‘एफटीपीएम’ (एएमडीचं टीपीएम) बदलल्याचं सांगून वाय की एन असं विचारलं, तर विचार न करता वाय दाबू नकोस. वाय म्हणजे आतल्या चाव्या पुसणं. वरचं पुण्याचं उत्तर वाच, मग ठरव. आणि घरात पीसी एकच असेल तर हे सगळं वडिलांना विचारून कर.

प्रश्न : अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकतोय. इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामीच. एसएसडी मेली का?
(म्हापसा, गोवा)

उत्तर : बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय ना? मग जिवंत आहे. इंटेलचं ‘व्हीएमडी’ (एसएसडी सांभाळणारी मधली व्यवस्था) चालू आहे आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर सुटा करून घ्या आणि त्या रिकाम्या यादीखालच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. डिस्कवरचं काहीच ठेवायचं नसेल तर व्हीएमडी बंद करूनही टाकता येतं. एसरच्या लॅपटॉपवर तो पर्याय लपवलेला असतो, ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. चालू असलेल्या विंडोजवर मात्र व्हीएमडी बंद करू नका, कराडच्या दुकानातला निळा पडदा तुमच्याकडेही येईल.

प्रश्न : जून 2026 पासून सिक्युअर बूटवाले सगळे संगणक बंद पडणार, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?
(बडोदा)

उत्तर : बंद पडण्याची गोष्ट खोटी, तारीख खरी. सिक्युअर बूटची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं 2011 सालची, त्यांच्या मुदती जून 2026 पासून संपायला लागतात. त्यांच्या जागी 2023 ची नवी आहेत आणि ती बहुतेक यंत्रांवर विंडोज अपडेटमधूनच येतात. जुनीच राहिली तरी यंत्र चालू होत राहतं, पण सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्याला मिळत नाहीत. काही यंत्रांना कंपनीचं बायोस अपडेटही लागतं. ते करताना चार्जर लावलेला, यूपीएस भरलेला आणि बाहेर वादळवारा नसलेला दिवस निवडा. मेसेज पुढे ढकलू नका.

प्रश्न : वय 71. एफ2 दाबून दाबून बोट दुखलं, बायोस काही उघडत नाही. सरळ विंडोजच येतं.
(ठाणे)

उत्तर : काका, बोटाचा दोष नाही. ‘फास्ट बूट’ चालू असलं की यंत्र कीबोर्डकडे बघायच्या आधीच पुढे निघून जातं. विंडोजमध्ये असतानाच शिफ्ट धरून ठेवा आणि पॉवरच्या चिन्हातलं ‘रीस्टार्ट’ दाबा. निळं पान येईल. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. यंत्र स्वतः तुम्हाला आत नेऊन सोडेल. हा पर्यायच दिसला नाही तर तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीचं आहे. मग शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून एफ2 दाबा, आणि कीबोर्ड पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा.

प्रश्न : जुना लॅपटॉप घेतला. विंडोज चालतं, पण बायोसमध्ये जाताना पासवर्ड मागतो. सेल काढून तासभर ठेवला, तरी जात नाही. तुम्ही काढून द्याल का?
(सोलापूर)

उत्तर : सेल काढून पासवर्ड जाण्याचे दिवस लॅपटॉपच्या बाबतीत कधीच संपले. तो आता बोर्डावरच्या अशा चिपमध्ये असतो जिला लक्षात ठेवायला विजेची गरज नाही. ज्याने विकला त्याला विचारा. कार्यालयातून लिलावात निघालेली यंत्रं बऱ्याचदा पासवर्डसकट बाजारात येतात, विकणाऱ्याला तो माहीत असू शकतो. नाहीतर मूळ खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, काही कंपन्या मालकी पटल्यावर उघडून देतात, काही सरळ बोर्ड बदला म्हणतात. बिल नसेल तर लॅपटॉप माझ्या दुकानात आणू नका.